मुळांनी किती ऑक्सिजन दिला? कन्स्ट्रक्टेड वेटलँडच्या इतिहासातला एक वादग्रस्त आकडा

कन्स्ट्रक्टेड वेटलँडवरचा थिसिस उघडलात की पहिल्याच प्रकरणात बहुतेक वेळा एक वाक्य भेटतं : वनस्पतींच्या मुळांतून ऑक्सिजन सुटतो आणि त्यावर जगणारे जिवाणू सांडपाणी शुद्ध करतात. वाक्य चूक नाही. पण 'किती सुटतो?' असं विचारलं की गोष्ट अवघड होते. तुम्ही या विषयात पीएचडी करायचं म्हणत असाल तर हा इतिहास आधी वाचा, कारण प्रयोग कसा मांडायचा हे बरंचसं त्यावर ठरतं.

सुरुवात जर्मनीतली. प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत केटे झायडल काम करत होत्या. त्यांचा मूळ विषय सांडपाणी नव्हताच, तर एक वनस्पती होती. लव्हाळ्याच्या कुळातली, तळ्याकाठी उगवणारी, टोपल्या-चटया विणायला वापरली जाणारी स्किर्पस लॅकस्ट्रिस. तिच्यावर त्यांनी १९५५ साली अख्खं पुस्तक लिहिलं. ही वनस्पती फिनॉलसारख्या विषारी पदार्थाच्या पाण्यातही तग धरते आणि ते पाणी सुधारतं, असं त्यांना दिसलं. त्या काळच्या सांडपाणी अभियंत्यांना हे फारसं रुचलं नाही. शुद्धीकरण म्हणजे टाक्या, हवा आणि जिवाणू. त्यात झाडाचं काय काम, असा त्यांचा सूर होता.

साठच्या दशकात गटिंगेनचे राइनहोल्ड किकुट त्यांच्यासोबत आले आणि पुढे वेगळ्या वाटेने गेले. त्यांची 'रूट झोन' पद्धत म्हणजे चिकणमातीचं पात्र, त्यात नळ (फ्रॅग्मायटिस), आणि मातीतून आडवं वाहणारं पाणी. १९७४ मध्ये ओटफ्रेझन इथे पूर्ण आकाराचा प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीचा सगळा भार वनस्पतीच्या वाढीवर होता. नळाची मुळं आणि रायझोम (जमिनीतलं आडवं खोड) वाढत जातील, जुनी कुजून त्यांच्या जागी पोकळ्या राहतील आणि दोन ते पाच वर्षांत चिकणमातीतूनही पाणी सहज वाहू लागेल, असं गृहीत धरलं होतं. शिवाय तीच मुळं खालपर्यंत ऑक्सिजन पोचवतील.

कल्पना इतकी पटण्यासारखी होती की मोजायच्या आधीच ती डिझाइनमध्ये शिरली. १९८३ मध्ये ती डेन्मार्कला पोचली आणि १९८७ पर्यंत तिथे मातीचे शंभरच्या आसपास प्रकल्प उभे राहिले. पण नळ छान वाढूनही माती मोकळी झाली नाही. नवी मुळं एकीकडे वाट करतात, तर मेलेली मुळं आणि सांडपाण्यातला गाळ दुसरीकडे छिद्रं बुजवतात. त्यामुळे बरंच पाणी वरूनच वाहून जायचं, मुळांना न भेटता. तरी बीओडी बऱ्यापैकी कमी व्हायचा, हेही सांगायला हवं.

आता ऑक्सिजन. डॅनिश संशोधक हान्स ब्रिक्स यांनी सांडपाण्यावरच्या एका नळाच्या पात्रात वायूंची देवाणघेवाण मोजली. नळाच्या पोकळ दांड्यांतून दिवसाला दर चौरस मीटर सुमारे २ ग्रॅम ऑक्सिजन खाली जात होता. पण मुळं आणि रायझोम स्वतःच्या श्वसनासाठी तो जवळजवळ सगळा वापरत होते. उरला फक्त ०.०२ ग्रॅम. त्याच १९९० च्या सुमारास आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांचा अंदाज होता ५ ते १२ ग्रॅम!

हा फरक किती मोठा आहे, ते स्वतः गणित करून बघा. युरोपात एका माणसाचा रोजचा बीओडी ६० ग्रॅम धरतात, आणि आडव्या प्रवाहाच्या पात्रात माणशी साधारण ५ चौरस मीटर जागा. म्हणजे दर चौरस मीटर १२ ग्रॅम बीओडी. वरचा अंदाज खरा असेल तर मुळं एकटी पुरी पडतील. ब्रिक्स यांचा आकडा धरला तर ६०० पट कमी पडतील. इथे एकाच्या बाजूने 'निकाल' देण्याची घाई करू नका. एकाने सांडपाण्याच्या पात्रातली निव्वळ शिल्लक काढली, दुसऱ्यांचा आकडा मुळांची देण्याची क्षमता धरून केलेला अंदाज. खरं तर हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि संदर्भ देताना ते सर्रास एकत्र केले जातात.

अभियंते मात्र वाट बघत थांबले नाहीत. ब्रिटिशांनी मातीऐवजी खडी घेतली, म्हणजे वाट मोकळी करायला मुळांची गरजच उरली नाही. नायट्रिफिकेशन हवं तिथे उभ्या प्रवाहाची पात्रं परत आली : पाणी थांबून थांबून ओतायचं, ते निचरताना हवा आपोआप आत ओढली जाते. गंमत म्हणजे अशी पात्रं झायडलबाईंच्या मांडणीत आधीपासून होती. फ्रान्समध्ये तर त्यावर कच्चं सांडपाणी सोडतात, आणि वाऱ्याने हलणारे नळाचे दांडे वरचा गाळाचा थर फोडत राहतात. वाढीचा हा उपयोग पुस्तकी वाटत नाही, पण तो पात्र तुंबू देत नाही.

आपल्याकडे नागपूरच्या नीरीने फायटोरिड विकसित केलं. पाणकणीस, नळ, कर्दळ ही नावं त्यामुळे आपल्याला ओळखीची झाली. डेन्मार्कचा नळ हिवाळ्यात वरून वाळतो आणि अन्न रायझोममध्ये साठवतो. आपल्या कर्दळीला तसा हिवाळाच नाही, तेव्हा तिकडचे वाढीचे आकडे इथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. म्हणून प्रयोग मांडताना बिनझाडाचं पात्र शेजारी ठेवा, तीच खडी आणि तेच पाणी देऊन. आणि नुसती उंची मोजून थांबू नका. खोदून मुळांचं कोरडं वजनही खोलीनुसार घ्या. हे काम किचकट आहे, हात चिखलाने भरतात आणि गाईड विचारतात एवढा वेळ का लागतोय. पण मुळं कुठवर पोचली हे उंचीवरून कळत नाही.