एका चुलीचे संसार

ज्या गावात ना मोठी पेठ, ना कारखाना, ना लष्करी छावणी, त्या गावात दोन-दोन, तीन-तीन चौकांचे वाडे कोणत्या उत्पन्नावर उभे राहिले आणि त्या वाड्यांतून तीस-चाळीस माणसे पिढ्यानपिढ्या एका चुलीवर कशी जेवली, हा प्रश्न वाईत वाढलेल्या मुलाला कधी पडत नसे. कृष्णेचा प्रवाह जसा होता, तसाच वाडा होता आणि तशीच ती माणसे होती. गंगापुरीपासून भीमकुंड आळीपर्यंतचे सात घाट, प्रत्येक घाटाचा आपला कृष्णाबाईचा उत्सव आणि १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, एवढ्यात आमचा भूगोल आणि इतिहास दोन्ही संपत असत. रास्त्यांच्या घरची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. त्या सोयरिकीने वाईस जो दरबारी ओलावा मिळाला, त्यातून घाट आणि देवळे तर झालीच, पण त्याबरोबर शास्त्री, पुराणिक, कारकून आणि कुळकर्णी यांच्या लहानमोठ्या घराण्यांनाही इनामे मिळाली. आमचे घराणे त्या लहानांपैकी एक होते.

एकत्र कुटुंबाविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात जिव्हाळा, त्याग आणि संस्कार यांचे कौतुक अधिक व हिशेब कमी आढळतो. माझे मत निराळे आहे. आमच्या घरात जिव्हाळा नव्हता असे नाही. परंतु त्या चाळीस माणसांना एकत्र बांधून ठेवणारी दोरी प्रेमाची नसून रुमालांची होती. हे रुमाल माडीवरच्या दफ्तराच्या खोलीत, जोत्यापासून उंच फळीवर, मोडी कागदांनी फुगलेले असत आणि वर्षातून एकदा, श्रावणातील ढगाळ हवा सरल्यावर, थोरले आजोबा ते उन्हात पसरून स्वतः राखण करीत बसत. त्या कागदांना एवढा मान का, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन गावोगाव सनदा तपासू लागले, आणि ज्यांना कागद दाखविता आले नाहीत त्यांची इनामे गेली. पुढे १८६३च्या कायद्यांनी चौकशी सोडून ठराविक जुडी भरण्याच्या अटीवर उरलेली इनामे कायम केली. आमचे टिकले ते अशा रीतीने. सनद एका नावाची, जमीन अविभक्त आणि जुडी एकरकमी, अशी स्थिती असल्यावर कुटुंब फोडणे म्हणजे आपल्याच हाताने मामलेदारास चौकशीचे निमंत्रण देण्यासारखे होते. म्हणून भाऊ भावापाशी, आणि पुढे चुलतभाऊ चुलतभावापाशी, राहिला.

या व्यवस्थेचे खरे देवघर म्हणजे कोठीची खोली. माजघराच्या मागे, दिवसाही समई लागावी अशा अंधारात, भिंतीत बांधलेली बळदे आणि त्यांच्यापुढे ओळीने मांडलेल्या कणग्या असत. कार्तिकात मावळाकडचे भात येई, माघ-फाल्गुनात शाळू, आणि त्यामागून हळदीची पोती. त्या आठवड्यांत दिंडी दरवाजा दिवसभर उघडा राही व देवडीपासून चौकापर्यंत बैलांच्या शेणाचा आणि नव्या धान्याचा असा एक वास भरे की, त्यापुढे उत्सवातल्या धुपाचीही मातब्बरी वाटत नसे. कुळे खंड घेऊन येत. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक आम्ही शाळेतल्या पुस्तकापेक्षा त्या चौकात अधिक पक्के शिकलो, कारण मापाडी प्रत्येक माप मोठ्याने मोजी आणि पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. मापाची रास वर शिगोशीग भरावयाची की फळी फिरवून सपाट करावयाची, यावरून दरसाल वाद होई. तो दरसाल आमच्याच बाजूने मिटे. माप घालणारे कूळ ओसरीच्या खालच्या पायरीवर बसे, त्याला पाणी वरून ओंजळीत घातले जाई, आणि ज्याच्या श्रमावर वरची चाळीस ताटे वाढली जात त्याची भाकर त्याने घरून फडक्यात बांधून आणलेली असे. त्या वेळी यात काही विपरीत आहे असे आमच्यापैकी एकाही मुलाच्या मनात आले नाही.

कोठीची किल्ली थोरल्या काकूंच्या कमरेला. धान्य काढावयाचे ते त्यांच्या हाताने, आणि त्यांनी काढले तेवढ्यातच सैपाकघरातील सुनांनी भागवावयाचे, असा शिरस्ता होता. पंगतीत समता असे ती केवळ पानांच्या रांगेपुरती. ताटात पडणाऱ्या तुपाच्या धारेत मात्र मिळवता पुत्र, परीक्षा नापास झालेला पुत्र, आश्रित भाचा आणि वारावर जेवणारा विद्यार्थी यांची प्रतवारी इतकी अचूक उमटे की, आम्हां पोरांना घरातील राजकारण समजण्यास दुसऱ्या साधनाची गरज नसे. पुरुषांची पंगत उठली म्हणजे मुलांची, मग बायकांची. आणि या सर्वांच्या बाहेर, सोवळ्यात, आलवण नेसलेल्या आत्या एकभुक्त राहून पापड-कुरडयांपासून बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांपर्यंत सारे घर चालवीत. एकत्र कुटुंबात विधवेला आधार मिळे असे म्हणतात. मिळे, हे खरे. परंतु तो अन्नवस्त्रापुरता. विधवेस पतीच्या हिश्श्यावर, तोही हयातीपुरता, हक्क सांगण्याचा मार्ग १९३७च्या कायद्याने मोकळा झाला, तेव्हा आमच्या घरातील एका तरुण विधवा काकूंच्या माहेरून त्याविषयी पत्र आले होते, आणि त्या पत्राने ओसरीवर जी शांतता पसरली ती कोणत्याही भांडणापेक्षा मला अधिक स्पष्ट आठवते.

पहिली चीर मात्र वाठार स्टेशनाच्या दिशेने पडली होती. टांग्यातून वाठारला जाऊन मुंबईची गाडी धरणारे मधले काका सेक्रेटरिएटात लागले आणि दरमहा मनिऑर्डर येऊ लागली. ती कोणाची? १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला होता की, कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेतलेल्या सनदी अधिकाऱ्याची कमाईसुद्धा कुटुंबाचीच. आमच्या थोरल्या आजोबांना हा निर्णय तोंडपाठ होता. पुढे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला आणि शिकलेल्याची मिळकत त्याची स्वतःची ठरली. हा कायदा काकांना तोंडपाठ होता. मनिऑर्डर येत राहिली, पण तिच्या रकमेवर ओसरीवरून प्रश्न विचारले जाईनासे झाले.

तरीही वाडा टिकला, कारण कोठी भरत होती. ती रिकामी झाली कुळकायद्याने. १९३९च्या कायद्याने संरक्षित कुळे निर्माण केली. १९४८च्या कायद्याने खंडाची मर्यादा कोरडवाहू जमिनीस पिकाच्या तिसऱ्या व बागायतीस चौथ्या हिश्श्यावर आणली. १९५२ साली वैयक्तिक इनामे नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. मध्यंतरी १९४८च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येनंतर, सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जळाली, आणि पुष्कळ घराण्यांनी त्याच सुमारास पुण्यामुंबईची वाट धरली. एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाचे खापर लोक पाश्चात्त्य शिक्षणावर आणि सुनांच्या जिभेवर फोडतात. आमच्या घरापुरते बोलावयाचे तर, ज्या वर्षी बळदे भरली नाहीत त्याच्या पुढच्याच वर्षी वाटणीपत्राचा मसुदा तयार झाला. ओसरीवर भाराभर तांब्यापितळेची भांडी मांडून चिठ्ठ्या टाकल्या, देवांची पाळी वर्षावर लावली, आड आणि दिंडी सामाईक ठेवली आणि मधल्या चौकात विटांची भिंत घातली. दफ्तरातील रुमाल मात्र कोणी आपल्या हिश्श्यात मागितले नाहीत.

जमीन ज्यांच्याकडे गेली त्यांच्याशी आमचे येणेजाणे राहिले. पसरणीच्या बाजूस असलेल्या आमच्या एका जुन्या कुळाने मालकी मिळाल्यावर विहीर खणली, हळद वाढविली, तिघा मुलांना शेतावरच ठेवले आणि चौसोपी घर बांधले. मी गेलो तेव्हा त्या घरी एका चुलीवर पंचवीस माणसे जेवत होती, कोठीची किल्ली म्हातारीच्या कमरेला होती, आणि मला वर, तिच्या शेजारी पाट मांडला होता. जेवण झाल्यावर धाकट्या मुलाने मला बाजूस घेऊन, तलाठ्याकडे खातेफोडीचा अर्ज कसा लिहावा लागतो ते विचारले.