खेळाची संहिता आणि खेळाडूंच्या खुणा

वाळूजहून पैठण फार दूर नाही. तेथील एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलकारांच्या हातून मूळ संहितेत पाठभेद आणि भर शिरत गेली होती म्हणून. जे स्थिर राहावे आणि जे प्रत्येक हाताबरोबर बदलावे, ते एकाच पानावर आले की काय होते, हे आपल्या वाङ्मयाला तेव्हापासून ठाऊक आहे. संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न उभा राहिला तो, थोड्या अनपेक्षितपणे, खेळांच्या फायलींत.

१९८७ मध्ये आलेला 'नेटहॅक' पाहावा. पडद्यावर अक्षरांनी रेखाटलेल्या भुयारात उतरायचे आणि बहुधा मरायचे, असा हा खेळ. मुळात त्याचे सारे सामान एकाच डिरेक्टरीत असे. अफवांचा मजकूर, भुयारांच्या काही ठरीव रचना, आणि त्यांच्याच शेजारी गुणांची यादी, अर्धवट सोडलेले डाव व 'बोन्स'. बोन्स म्हणजे मेलेल्या खेळाडूचे अवशेष. त्याच संगणकावर पुढे खेळणाऱ्याला ते भुयारात सापडतात. (पूर्वसूरींचे ऋण इतके शब्दशः क्वचितच पाहायला मिळते!) अडचण अशी की, या नोंदींसाठी खेळाच्या घरातच लिहिण्याची मुभा ठेवावी लागे, आणि नवी आवृत्ती निष्काळजीपणे बसवली तर जुन्या खेळाडूंची नावे पुसली जाण्याची भीती असे.

१४ फेब्रुवारी १९९४ रोजी लिनक्ससाठी फायलींच्या मांडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले; १९९७ मध्ये त्याला 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' हे नाव मिळाले. स्थिर आणि बदलते यांची फारकत हा त्याचा कणा. 'यूएसआर' ही शाखा केवळ वाचनापुरती, अनेक यंत्रांना वाटून घेता येईल अशी. खेळाचा प्रोग्राम आणि ठरीव मजकूर तिच्यात. गुणांच्या याद्या मात्र 'व्हार' या बदलत्या शाखेत. आधीच्या प्रमाणात त्या 'व्हार/लिब'च्या गर्दीत होत्या. १९९७ मध्ये त्यांना 'व्हार/गेम्स' हे स्वतंत्र घर मिळाले, म्हणजे बॅकअप, परवानग्या आणि जागा यांचा निर्णय वेगळा घेता यावा. शिवाय बीएसडीत तीच जुनी वहिवाट होती.

एकनाथांनी भर घालणाऱ्यांना बजावले होते. या प्रमाणाने त्यांना बाहेर न घालवता निराळी वही दिली, हा मला मोठा फरक वाटतो. नेटहॅकच्या सोर्समध्येही पुढे बदलत्या फायली अलग ठेवण्याची सोय आली. डेबियनवर त्याच्या अस्थींचा पत्ता 'व्हार/गेम्स/नेटहॅक' असा आहे.