कोसाड : सोसायटी, शाळा आणि अल्पसंख्याक यांच्या सुरक्षेसाठी कोणते कायदे, कुठे अडतं घोडं?

कोसाड (सुरत) : नंदुरबार, नवापूर, धुळे, जळगाव इथल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस सुरतेत कामाला आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही नावं खानदेशात घरच्यासारखी घेतली जातात. तापीच्या उत्तरेला असलेलं कोसाड त्या मानाने कमी माहितीचं. मोठ्या शहरात गरिबांसाठी नवी वसाहत उभी राहते तेव्हा सोसायटीची, शाळेची आणि संख्येने कमी असलेल्या समाजांची सुरक्षा कशी टांगणीला लागते, हे समजून घ्यायचं तर कोसाडसारखी वस्ती आधी पाहावी लागते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांना उपयोगी पडेल अशी ही माहिती.

कोसाड कुठे आहे, वस्ती कशी झाली?

कोसाड हे मुंबई–अहमदाबाद रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. सुरतेहून उत्तरेला निघालं की उत्राण आणि त्यानंतर कोसाड. अमरोलीला लागून असलेलं हे गाव 2006 च्या हद्दवाढीत सुरत महानगरपालिकेत आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. तापीकाठच्या झोपडपट्ट्यांचं स्थलांतर करण्याच्या कामाला त्यानंतर वेग आला.

डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत शहरी गरिबांना घरं देण्याचा भाग होता. त्याच पैशातून कोसाडला 'आवास' उभे राहिले. नदीकाठच्या आणि शहरातल्या झोपड्या हटवून कुटुंबं इथे आणली गेली. पक्कं घर, नळ, संडास, वीज मिळाली. पण जुना शेजार मागेच राहिला. अमुक जातीची गल्ली, तमुक गावच्या लोकांची चाळ अशी झोपडपट्टीची रचना असते. आवासात धर्म, भाषा, गाव यांचा हिशेब नसतो. जिन्यात समोरासमोर राहणारी दोन कुटुंबं एकमेकांना पूर्ण अनोळखी असू शकतात.

हा प्रश्न एकट्या सुरतेचा नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी वटवा भागातल्या अशाच वसाहतींचा अभ्यास केला. पुनर्वसनात जुने शेजारसंबंध तुटले, कामाची ठिकाणं लांब गेली, रिकामी घरं आणि अंधारे कोपरे चोरी, दारू-जुगार आणि बायकांच्या छेडछाडीचे अड्डे झाले, असं त्यात दिसलं. इमारत मजबूत असूनही वस्ती असुरक्षित का वाटते, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

सोसायटी : घर कुणाचं, राहतंय कोण?

गुजरातेत 'सोसायटी' म्हणजे गेट, वॉचमन आणि नोटीस बोर्ड असलेली वसाहत. खासगी सोसायटीत मेंटेनन्स गोळा होतो. त्यातून पगारी वॉचमन आणि कॅमेरे येतात. आवासात दरमहा वर्गणी देणं अनेकांना परवडत नाही. जिन्यातला दिवा गेला, गच्चीचं कुलूप तुटलं, मागच्या बाजूला कचरा साठला तर जबाबदारी कुणाची, यावरून महापालिका आणि रहिवासी मंडळ यांच्यात ढकलाढकल होते.

दुसरी अडचण भाडेकरूंची. शहरात घर भाड्याने दिलं तर भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्याने बंधनकारक केलं जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (जुनं 144) असे आदेश निघतात आणि ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होतो. आता गंमत अशी, की सरकारी आवासातलं घर भाड्याने देणं हेच योजनेच्या अटींविरुद्ध आहे. पकडलं गेलं तर घराला सील लागू शकतं. मग भाडेकरूची नोंद करायला घरमालक पोलीस ठाण्याची पायरी कशाला चढेल? परिणामी ज्या घरात खरोखर कोण राहतं हे कळायला हवं, नेमकं तेच घर कागदावर दिसत नाही. भाडेकरू बिचारा बहुतेक वेळा सरळमार्गी कामगार असतो. पण कराराचा कागद नसल्याने चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, आणि घरमालकाने रातोरात बाहेर काढलं तरी दाद मागायला आधार नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत सुरत देशात पुढे समजली जाते. 2013 पासून शहर पोलिसांचं कॅमेऱ्यांचं जाळं वाढत गेलं. गुजरातच्या 2022 च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने मोठी वर्दळ असलेल्या आस्थापनांना कॅमेरे लावून 30 दिवसांचं चित्रण ठेवणं सक्तीचं केलं. कॅमेरा गुन्ह्यानंतर तपासाला उपयोगी पडतो. पण भांडण वाढत असताना मध्ये पडणारा, उशिरा घरी येणाऱ्या मुलीला ओळखणारा, नवखा माणूस दिसला तर विचारणारा शेजारी कॅमेऱ्यात बसवून मिळत नाही.

शाळा आणि क्लास

सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. देशात फार थोड्या शहरांत अशी सोय आहे. 2023 च्या गुजरात कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सर्व शाळांत सक्तीचा झाला. माध्यम मराठी राहू शकतं.

मुलांच्या सुरक्षेचा विषय निघाला की सुरतेत 24 मे 2019 ची तारीख आठवते. सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली 22 मुलं-मुली गेली. काहींनी जीव वाचवायला खाली उड्या मारल्या. उतरण्याची नीट वाट नव्हती, वर ज्वलनशील सामान होतं. त्यानंतर राज्यभर क्लास बंद करून अग्निशमन परवान्यांची तपासणी झाली. तरीही 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 जणांचा बळी गेला. क्लास शाळेच्या व्याख्येत बसत नाही, घरगुती शिकवणी तर कुणाच्याच यादीत नसते. म्हणून पालकांनी फी विचारण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, आणि अग्निशमन दलाचा चालू तारखेचा परवाना आहे का.

लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे. शाळेसाठी त्यातली महत्त्वाची तरतूद कलम 19 ची. गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. 'आधी आम्ही आमची चौकशी करतो' ही शाळेची भूमिका कायद्याला मान्य नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात गुन्हा नोंदवायला झालेला उशीर हाच लोकांच्या संतापाचा मोठा मुद्दा होता. 20 ऑगस्टला लोकांनी तासन्‌तास रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

परराज्यातल्या मराठी कुटुंबासाठी आणखी एक गोष्ट मोलाची. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्याने शक्यतो घ्यावा, असं कलम 24 सांगतं. कलम 26 नुसार गरज असेल तर दुभाषी घेता येतो. सहा वर्षांच्या पोरीला अहिराणी किंवा मराठीच येत असेल, तर तिचं म्हणणं गुजरातीत उतरवताना शब्द बदलू नये म्हणून पालकांनी दुभाष्याची मागणी लगेच करावी.

अल्पसंख्याक म्हणजे नेमके कोण?

बोलताना अल्पसंख्याक म्हणजे मुसलमान एवढंच गृहीत धरलं जातं. कायद्यात केंद्राने सहा धर्मसमाज अधिसूचित केले आहेत : मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन. खानदेश-विदर्भातून सुरतेला गेलेलं बौद्ध कुटुंब तिथेही धार्मिक अल्पसंख्याकच असतं.

भाषेचा हिशेब वेगळा. टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं, की अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरेल. म्हणजे नवापूरला बहुसंख्य असलेला मराठी माणूस तासाभराचा प्रवास करून गुजरातेत उतरला की भाषिक अल्पसंख्याक होतो, आणि नंदुरबारचा गुजराती व्यापारी महाराष्ट्रात. 2011 च्या जनगणनेत गुजरातेत सुमारे 9 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. राज्यघटनेच्या कलम 350 क नुसार अशा मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं, आणि 350 ख नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा स्वतंत्र आयुक्त आहे.

परप्रांतीयावर राग निघतो तो कसा, हे 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसलं. साबरकांठा जिल्ह्यात एका बालिकेवर अत्याचार झाला, आरोपी बिहारचा निघाला आणि उत्तर गुजरातेत हिंदी भाषक कामगारांवर हल्ले सुरू झाले. हजारो लोक गावी परतले. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा भाषा बघून सगळ्यांना, हा प्रकार महाराष्ट्रालाही नवा नाही.

जातीच्या दाखल्याचा गोंधळही सीमेवर नेहमीचा. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीच्या माणसाला गुजरातेत आरक्षण मिळत नाही. मग ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही मिळणार नाही का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये निकाल दिला, की हे संरक्षण जातीची नोंद असलेल्या राज्यापुरतं मर्यादित नाही. हा निकाल गुजरातच्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी तिथे त्याचा आधार मांडता येतो.

अशांत धारा

घराच्या व्यवहाराशी जोडलेला गुजरातचा खास कायदा म्हणजे 1991 चा अशांत क्षेत्र कायदा, लोकांच्या तोंडी 'अशांत धारा'. अधिसूचित भागात स्थावर मालमत्ता विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने कुणाला कवडीमोलाने घर विकावं लागू नये, हा मूळ हेतू. सुरत शहरातले काही भाग यात येतात. टीकाकार म्हणतात, की यामुळे वेगळ्या धर्माच्या माणसाने शेजारात घर घेणंच अवघड झालं आणि वस्त्या आणखी विभागल्या. समर्थक म्हणतात, की दबावाची विक्री थांबली. पुढे झालेल्या दुरुस्तीने शिक्षा तीन ते पाच वर्षांपर्यंत वाढवली. त्या दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. महाराष्ट्रातून जाऊन सुरतेत फ्लॅट घेणाऱ्याने टोकन देण्याआधी तो भाग अधिसूचित आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात तपासून घ्यावं. परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द ठरू शकतो.

1992 ची सुरत आणि भिवंडी

डिसेंबर 1992 मध्ये सुरतेत भीषण दंगल झाली. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी तिचा तपशील तपासला तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. हिंदू-मुस्लिम शेजारी राहणाऱ्या जुन्या शहरात तुलनेने शांतता राहिली. बहुतेक माणसं मारली गेली ती बाहेरच्या नव्या कामगार वस्त्यांत. जुन्या शहरात दोन्ही समाजांचे व्यापारी एकमेकांच्या धंद्यात गुंतलेले होते. उधारी, माल, संघटना एकत्र होत्या. अफवा आली तर फोन करून विचारायला समोर ओळखीचा माणूस होता. नव्या वस्त्यांत हे धागे विणलेच गेले नव्हते.

याच काळात मुंबई पेटलेली असताना शेजारचं भिवंडी शांत राहिलं. 1984 ला जळालेलं हे यंत्रमागाचं शहर. तिथे 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दंगलीची वाट न पाहता नळाचं भांडण, नवरा-बायकोचा वाद, मुलांची मारामारी अशा रोजच्या तक्रारींसाठी दोन्ही समाजांची सामान्य माणसं आणि बीटचा पोलीस एकत्र बसत. संकट आलं तेव्हा ओळख आधीच झालेली होती.

कोसाडसारख्या आवासाला यातून घेण्यासारखं आहे. इथली घरं महापालिकेने बांधली, पण शेजार बांधण्याचं काम कुठल्याच टेंडरमध्ये नव्हतं. इमारतनिहाय मंडळात सगळ्या भाषा-धर्मांची माणसं, त्यात बायका आणि भाडेकरूही घेणं, महिन्यातून एकदा बीट पोलिसाला बोलावणं, सण आणि मिरवणुकीचा मार्ग आधी एकत्र बसून ठरवणं, यातलं काहीच खर्चिक नाही. भाडेकरूची नोंद केली म्हणून लगेच घर सील होणार नाही, अशी वाट महापालिका आणि पोलिसांनी मिळून काढली तर अर्धी माहिती आपोआप कागदावर येईल.

हाताशी ठेवण्यासारखं

- तातडीची मदत : 112. गुजरातेत महिलांसाठी 'अभयम' : 181. मुलांसाठी : 1098. सायबर फसवणूक : 1930. मोफत कायदेशीर मदत : 15100.
- गुन्हा सुरतेत घडला आणि कुटुंब नंदुरबारला असलं, तरी जवळच्या ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्दीची अट नाही. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.
- फिर्याद गुजरातीत लिहिली असेल तर वाचून दाखवायला सांगावं, समजल्याशिवाय सही करू नये. प्रत मोफत मिळते.
- ठाण्यात नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
- सुरतेत राहणाऱ्या माणसाने भाडे पावती, आधारवरचा पत्ता आणि मुलांचे शाळेचे कागद एका पिशवीत ठेवावेत, आणि गावाकडच्या घरी त्यांची एकेक झेरॉक्स द्यावी. परगावी आपण कुठले, हे सिद्ध करायची वेळ सांगून येत नाही.