थ्री-नॉट-थ्रीची निवृत्ती

१९६७ साली मी कॉलेजात होतो. एनसीसी तेव्हा सक्तीची होती. फायरिंगच्या दिवशी माझ्या हाती जी थ्री-नॉट-थ्री रायफल आली तिच्यावर ईशापूर कारखान्याचा शिक्का होता आणि साल होतं १९४३. म्हणजे वयाने ती माझ्यापेक्षा मोठी! पहिल्याच गोळीला तिने खांद्याला असा दणका दिला की दोन दिवस हात वर होईना. "सैन्यातून रिटायर झाली तरी हिचा जोर बघा," हवालदार हसत म्हणाले.

खरंच, १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान याच रायफली घेऊन लढले होते. पुढे सैन्यात एसएलआर आली आणि या पोलिसांकडे, एनसीसीकडे गेल्या. मला वाटलं, संपली हिची गोष्ट.

पण तसं नव्हतं. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. मुजाहिदीनना शस्त्रं द्यायची, पण आपलं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, असा अमेरिकेचा बेत. म्हणून सीआयएने देशोदेशींच्या कोठारांतला जुना माल उचलला. सुरुवातीच्या खेपांत थ्री-नॉट-थ्रीच होत्या. काही ग्रीसमधल्या, तर काही चक्क आपल्या भारतातल्या! जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत फौजांविरुद्धच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता. बंदुकीला मात्र तटस्थ राहता येत नाही.

त्या काळी आयएसआयचा अफगाण विभाग सांभाळणाऱ्या ब्रिगेडियर मोहम्मद युसूफ यांनी एक किस्सा लिहून ठेवला आहे. सीआयएने पाठवलेली काडतुसांची एक खेप उघडली, तर प्रत्येक काडतुसावर पाकिस्तानच्याच कारखान्याचा शिक्का! तो पुसत बसायची वेळ आली.

डोंगराळ मुलखात लांबच्या नेमाला ही रायफल उत्तम. पुढे चीन आणि इजिप्तकडून कलाश्निकोव्ह आल्या तरी ती टिकून राहिली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, बंदुका तिथेच राहिल्या. २०१० साली हेल्मंडमध्ये अमेरिकन सैनिकांवर गोळ्या झाडणाऱ्यांकडेही ली-एनफील्ड सापडल्या. ली-एनफील्ड म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्रीच.

वर्गात मी प्रत्येक युद्धाची सुरुवात आणि शेवट फळ्यावर लिहून देत असे. मुलं पाठ करत, मार्क मिळवत. आता वाटतं, शेवटाची ती सनावळी अर्धवटच होती. तह माणसं करतात. बंदुकीला तेल घालत राहिलं तर ती तीन पिढ्या चालते, आणि भंगारात काढण्यापेक्षा विकण्यात पैसा जास्त.

२६ जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभाने निरोप दिला. ती बातमी वाचताना मला माझी १९४३ सालची रायफल आठवली. कुठे असेल ती? वितळवली असेल तर बरं.

असो. तुमच्यापैकी कुणी ती चालवली असेल तर जरूर कळवा.