कोठडीपासून औषधापर्यंत

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने चोरी केली नव्हती, कुणाला इजाही केली नव्हती. तो रक्तदाता होता आणि त्याच रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही.ची लागण आढळली होती. अशा माणसास वेगळे ठेवण्याची तरतूद गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात होती. एकेकाळी क्षयरोग्यांसाठी वापरात असलेल्या इमारतीत तो ६४ दिवस एकाकी बंदिवासात राहिला. त्याची आई लुसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली. तथापि वेगळे ठेवण्याची तरतूद न्यायालयाने वैधच ठरविली. मे १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

त्याला कोंडून ठेवणारा कायदा होता. त्याला जगविणारे औषध मात्र नव्हते. १९६४ साली कर्करोगासाठी तयार झालेले झिडोवुडिन १९८७ मध्ये अमेरिकेत एड्सवर मान्य झाले खरे, परंतु एकाच औषधाला हा विषाणू लवकर दाद देईनासा होतो. तीन औषधे एकत्र दिली तर तो दबून राहतो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत मृत्यू झपाट्याने घटले. पण या उपचारास दर माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. औषध श्रीमंत देशांत आणि बहुसंख्य रुग्ण गरीब देशांत, अशी ती विषम वाटणी होती.

येथे आणखी एक कायदा उपयोगी पडला. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी दिली नव्हती, केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर दिली होती. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविणे आपल्याकडे विधिसंमत होते. या आधारावर मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सेवाभावी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी! तिन्ही औषधे एकाच गोळीत आली आणि आफ्रिकेतील असंख्य घरांपर्यंत पोहोचली.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून शासनाने हे उपचार मोफत सुरू केले. मुलांची आबाळ त्यानंतरही काही काळ चालली. मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून ती द्यावी लागत आणि मात्रा अचूक राहत नसे. पुढे पाण्यात विरघळणाऱ्या, वजनानुसार द्यावयाच्या गोळ्या आल्या. मूल वाढते तशी मात्राही वाढवावी लागते, हे पालकांनी ध्यानात ठेवावयाचे असते.

आता प्रश्न किमतीचा उरलेला नाही. गोळी रोज, ठरल्या वेळी आणि जन्मभर घ्यावी लागते. वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला जुमानत नाही. उलट ती नेमाने घेतली आणि रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.

मग खंड का पडतो? चुडाव्यासारख्या गावात उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. परभणी वा नांदेडच्या रुग्णालयात आपल्याला कुणी ओळखेल, सासरी गोळ्यांची बाटली कुणाच्या हाती लागेल, ही धास्ती माणसाला औषधापासून दूर ठेवते. रुग्णाशी भेदभाव करण्यास आणि त्याच्या संमतीविना त्याचा आजार उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. पण शेजाऱ्याच्या नजरेवर कोणता कायदा चालणार?

डॉमिनिकच्या कोठडीला कुलूप होते. ते न्यायालयाच्या आदेशाने उघडले. आज लाजेपोटी अंधारात गोळी गिळणाऱ्या सुनेच्या दाराला बाहेरून कुलूप नाही. ते दार उघडणे आपल्याच हाती आहे.