मिठातल्या सोडियमला घर हवे

उल्हासनगरचा कॅम्प पाच मूळचा फौजेचा. दुसऱ्या महायुद्धात बराकी बांधल्या सैनिकांसाठी आणि १९४७ नंतर त्यांत राहायला आली सिंधमधली निर्वासित कुटुंबे. मग कुठे आडोसा घाल, कुठे भिंत चढव, असे करीत संसार मांडावा लागला. सोडियमच्या बॅटरीचा इतिहास असाच आहे, बरं का!

बॅटरीत विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, दोन टोकांमध्ये ये-जा करतात. धन टोकाला कॅथोड म्हणतात. ते या कणांचे घर समजा. सोडियम तर मिठात आहे, समुद्रात अमाप आहे. लिथियम मात्र मोजक्या देशांतच काढले जाते. मग आधी सोडियमच का घेतले नाही?

१९८० साली दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी लिथियमसाठी कोबाल्टच्या ऑक्साइडचे थर सुचविले. त्याच साली फ्रान्समध्ये देल्मास आणि सहकाऱ्यांनी सोडियमच्या तशाच थरांचे प्रकार लावून दिले. पण १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियमची बॅटरी बाजारात आणली आणि सोडियम मागे पडले. त्याचा अणू तिपटीहून जड, आयनही सुमारे एक-तृतीयांश मोठा. तो आत-बाहेर करू लागला की थर सरकतात आणि शेकडो फेऱ्यांनंतर घराला तडे जातात. शिवाय यांतले बरेच पदार्थ दमट हवेत बिघडतात. आपल्या पावसाळ्यात हे विसरून कसे चालेल?

तेव्हा घरच बदलायला हवे होते. २०१२ साली जपानमध्ये कोमाबा यांच्या गटाने कोबाल्ट वगळून लोह आणि मँगनीज यांचा कॅथोड करून दाखविला. मँगनीज तर आपल्या भंडारा जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघते. थर सरकू नयेत म्हणून कोणी त्यांत थोडे मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम मिसळतात, कोणी फॉस्फेटचा पक्का सांगाडा वापरतात. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तिथल्याच आयसर संस्थेच्या साथीने संशोधन करून डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले.

तेवढ्याच वजनात लिथियमची बॅटरी सहसा अधिक वीज साठविते, हे खरे. पण दिवसाची सूर्यवीज रात्रीसाठी ठेवायची, तर शाळेच्या किंवा शेतातल्या खोलीत जड बॅटरी ठेवायला हरकत कसली? गुरुजनहो, मूलद्रव्यांच्या तक्त्यात लिथियमच्या खालचे घर मुलांना दाखवा आणि सांगा: वस्तू मुबलक आहे एवढ्याने भागत नाही, तिला साजेसे घर बांधावे लागते.