बैलाच्या पोटातील कारखाना

कागल-हातकणंगल्याच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत यंत्रे धडधडतात, आणि जवळच्या शिवारात बैल स्वस्थ रवंथ करीत असतो. त्याच्या कोटीपोटातही एक कारखाना अहोरात्र चालतो. तो माणसाला कसकसा उमगला, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

माणसाला न पचणारा कडबा गुराला पचतो, हे शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक. पचवितो कोण, हे मात्र फार उशिरा कळले. 1843 साली फ्रान्समध्ये ग्रुबी व देलाफाँ यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्म प्राणी पाहिले. पुढे अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी हवा वगळून तेथील जीवाणू वाढविण्याची रीत बसविली. त्यांचा ग्रंथ 1966 साली निघाला. 1975 साली इंग्लंडात कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोटीपोटात हवेवाचून जगणारी बुरशी ओळखली. बुरशीचे तंतू काडीत शिरून ती फोडतात. तिच्यातून सुटलेल्या साखरेची असेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले होतात. गुराचे बहुतेक बळ या आम्लांचेच. मिथेन वायू ढेकरेवाटे निघून जातो.

आमच्याकडे प्रथम या वायूकडेच लक्ष गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याचा वायू साठवून वापरला गेला. पुढे गोबरगॅस खेडोपाडी पोहोचला. पुण्यात 1946 साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी 1992 पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कोटीपोटातील बुरशीच्या साह्याने भाताच्या पेंढ्यापासून मिथेन करण्याचे प्रयोग तेथे झाले आहेत.

मिथेन होऊ न देता आम्लेच काढावी, ही पुढची पायरी. असेटिक आम्ल कापड रंगविण्यास लागते, प्रोपिऑनिक पाव टिकविण्यास. पण येथेच बैल आपल्या पुढे आहे. त्याच्या पोटाचे अस्तर आम्ल तयार होताच शोषून घेते. टाकीत मात्र ते साचते आणि जीवाणूंचे काम मंदावते. पाण्यात विरलेले आम्ल वेगळे करावयाचे, तर खर्चही फार.

शिवाय प्रश्न केवळ रसायनाचा नव्हे. चिपाडे बॉयलरला हवीत, पिंजर गुरांना हवे, पाचट जमिनीला हवे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कारखान्याने जे उभ्या शेतात जाळले जाते तेवढेच मागावे, त्याचे दाम शेतकऱ्यास द्यावे, आणि उरलेला गाळ खत म्हणून रानाला परत करावा. बैलही खाल्ल्याचे शेण करून शेताला देतोच. यंत्राने त्याहून कमी देऊ नये.